विदर्भातल्या अंगणात साल्विया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेटवर साल्वियाची जी माहिती सापडते ती बहुतेक थंड देशातली, नाहीतर पुण्या-बंगलोरच्या हवेची असते. तिथं लिहिलेलं असतं मार्चमध्ये बी पेरा, आणि आपल्याकडे मार्चमध्ये पेरलं तर एप्रिलात रोप भाजून निघतं. म्हणून हे सगळं आपल्या काळ्या मातीच्या, बोअरच्या पाण्याच्या आणि मे महिन्याच्या हिशोबानं लिहिलंय. अकोला-बुलडाण्यापासून गोंदिया-गडचिरोलीपर्यंत पाऊस कमीजास्त आहे, तेवढा फरक आपापल्या गावाप्रमाणे धरून घ्या.

साल्विया म्हणजे नक्की कोणतं झाड?

हिवाळ्यात शाळेच्या नाहीतर पंचायत समितीच्या बगीच्यात लाल तुऱ्यांची ओळ लावलेली असते ना, ते. पण तो झाला एक प्रकार. साल्वियाच्या जगात हजाराच्या आसपास जाती आहेत आणि सगळ्या तुळस-पुदिन्याच्या कुळातल्या. ओळखायचं असेल तर दांडी दोन बोटात धरून फिरवा, गोल नाही लागणार, चौकोनी लागेल, तुळशीचीही तशीच असते. पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि फुलाला वर एक खाली एक असे दोन ओठ असतात.

आपल्याकडे कोणता लावावा? नर्सरीवाला म्हणतो सगळे सारखेच.

सारखे अजिबात नाहीत आणि अर्धी निराशा इथंच ठरते, कारण माणूस हिवाळी जात आणतो आणि ती वर्षभर टिकावी म्हणून जिवाचं रान करतो.

लाल, बुटका, गच्च तुऱ्याचा जो सगळीकडे मिळतो तो मूळचा ब्राझीलचा. तिथं तो अनेक वर्षं जगतो पण आपल्याकडे तो हिवाळ्याचा पाहुणा समजा, डिसेंबर ते मार्च फुलणार आणि उन्हं तापली की जाणार. बॉनफायर, सेंट जॉन्स फायर अशा नावानं पाकिटं मिळतात, आता तर जांभळा, पांढरा, गुलाबीही मिळतो. पण इतर रंग कडक उन्हात लवकर फिके पडतात आणि लालच जास्त टिकतो असं माझं मत आहे.

दुसरा निळा, त्याचा तुरा बारीक आणि लांब, देठावर पांढुरकी पिठासारखी लव. हा टेक्सास-मेक्सिकोकडचा, म्हणजे तापलेल्या रानाचाच रहिवासी. व्हिक्टोरिया ब्लू या नावानं बी मिळतं. तुम्हाला एकच साल्विया लावायचा असेल तर डोळे झाकून हा लावा. वाढायला लालपेक्षा थोडा सावकाश आहे पण एकदा जमला की उन्हाळ्यात थोडी सावली मिळाली तर तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत आणि चांगली जागा असली तर त्याच्याही पुढे जातो.

तिसरा पण लालच, पण तो उंच, कमरेपर्यंत जाणारा, फुलं विरळ आणि झुपकेदार नाही तर थरावर थर. याची जात कॉक्सिनिया, लेडी इन रेड नावानं येतो, फिकट गुलाबी असेल तर कोरल निम्फ. याला उन्हाचं फार काही वाटत नाही आणि बी पडून आपोआप उगवतो. नवीन माणसाला, ज्याला रोज लक्ष द्यायला वेळ नाही, त्याला हाच बरा. एक मात्र लक्षात ठेवा, गरम देशांत हा बागेबाहेर पसरलेला आहे, म्हणून ज्यांचं गाव मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा अशा जंगलाच्या कडेला आहे त्यांनी तुरे वाळायच्या आत कापावे आणि कापलेलं जंगलाकडच्या नाल्यात टाकू नये.

मखमली जांभळ्या तुऱ्याचा मोठा झुडुपी साल्विया फोटोत फार सुंदर दिसतो आणि लोक ऑनलाईन मागवतात. तो मेक्सिकोचा आहे, दिवस लहान झाले की फुलतो. आपल्याकडे उन्हाळाभर सावली आणि पावसाळाभर कोरडे पाय देता आले तरच मागवा.

बी कधी पेरायचं?

पोळा आणि गणपती आटोपले की माती तयार करून ठेवा आणि सप्टेंबर संपता संपता ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा. त्याआधी पेरलं तर परतीचा पाऊस रोपं कुजवतो, आणि नोव्हेंबर सरता पेरलं तर थंडीत रोप बसून राहतं आणि फुलं यायला फेब्रुवारी उजाडतो, मग मिळाला किती दिवस आनंद. पेरल्यापासून फुलापर्यंत साधारण आठ ते दहा आठवडे धरा. दिवाळीच्या मागेपुढे रोप चार-सहा पानांचं होतं, तेव्हा वाफ्यात हलवायचं.

पाकिटातलं अर्धं बी उगवतच नाही, बी खराब असतं का?

कधीकधी जुनं असतं, साल्वियाचं बी एक-दोन वर्षांनी दम सोडतं, त्यामुळे पाकिटावरची तारीख पाहूनच घ्या. पण बहुतेक वेळा कारण हे असतं की बी खोल गाडलं जातं. आपल्याला सवय तुरीची न् कपाशीची, बी म्हटलं की बोटभर मातीत. लाल साल्वियाच्या बियाला उगवायला उजेड लागतो. ओल्या मातीवर नुसतं टाकायचं, हातानं हलकं दाबायचं, फार वाटलं तर वरून चाळलेल्या गांडूळखताचा पातळसा थर. पाणी झारीनंही नको, बी वाहून एका कोपऱ्यात जातं, ट्रे खालून पाण्यात ठेवा नाहीतर स्प्रेच्या बाटलीनं द्या.

ओलं झालं की बियाभोवती चिकट बुळबुळीत आवरण तयार होतं, घाबरू नका, सब्ज्याचं होतं तसंच ते. उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात, हवा वीस ते पंचवीस अंशाची असेल तर लवकर. ऑक्टोबरात दुपारी अजून चटका असतो म्हणून ट्रे पडवीत ठेवा जिथं उजेड आहे पण थेट ऊन नाही. आणि मुंग्या! मुंग्या हे बी रात्रीतून उचलून नेतात, ट्रे विटांवर ठेवून विटा पाण्याच्या परातीत ठेवल्या की काम भागतं.

उगवल्यावर रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडलं तर ती मर, म्हणजे रोप कुजवणारा बुरशीचा रोग आहे, जास्त ओल आणि बंद हवा हेच कारण. त्या रोपाचं काही होत नाही, बाकीच्यांना पाणी कमी करा आणि हवा खेळू द्या. घरात बीजप्रक्रियेचं ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी) असेल तर मातीत चिमूटभर आधीच मिसळलेलं चांगलं.

आमची माती काळी भारी आहे, त्यात होईल का?

होईल, पण जशी आहे तशी नाही. या सगळ्या पानात मला जर एकच गोष्ट सांगायची असती तर हीच सांगितली असती. आपल्याकडे साल्विया मरतो तो उन्हानं कमी आणि पाय ओले राहिल्यानं जास्त. काळी कापसाची माती पाणी धरते, फुगते, मुळांना हवा राहत नाही, आणि तीच माती सुकली की भेगा पडून मुळं तुटतात. कपाशीचं सोटमूळ खोल जातं म्हणून तिचं निभतं, साल्वियाची मुळं वरच्या थरातच पसरतात, त्यांना दोन्ही बाजूनं मार बसतो.

अंगणात लावायचं असेल तर वाफा वीतभर उंच करा. एक टोपलं काळी माती, एक टोपलं जाड रेती किंवा चाळलेला बारीक मुरूम, एक टोपलं जुनं कुजलेलं शेणखत, आणि वाफ्यात दोन-चार मुठी निंबोळी पेंड. शेणखत जुनं म्हणजे खरंच जुनं, हातात घेतलं तर शेणाचा वास यायला नको आणि चहापत्तीसारखं मोकळं व्हायला पाहिजे. कच्च्या शेणखतातून हुमणी येते आणि मग रोप वरून सुकतं, ओढलं की मुळाशिवाय हातात येतं.

चाचणी सोपी आहे. वाफ्यात वीतभर खड्डा करा, पाणी भरा, एकदा जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत जिरलं तर लावा, दुसऱ्या दिवशी सकाळी पण तिथंच असेल तर अजून मुरूम घाला नाहीतर सरळ कुंडीत लावा.

कुंडी किती मोठी?

बुटक्या लालला आठ इंची पुरे, निळ्याला दहा, उंच लालला बारा. पेंटचा डबा, तेलाचा पिपा, फुटकी बकेट काहीही चालतं, पण खाली भोकं चार-पाच पाहिजे आणि कुंडी दोन विटांवर ठेवायची म्हणजे भोकं चिखलानं बुजत नाहीत. जमिनीत लावताना दोन रोपांत बुटक्याला वीतभराहून थोडं जास्त, म्हणजे पंचवीस-तीस सेंटीमीटर, उंच प्रकाराला हातभर अंतर ठेवा.

पाणी किती द्यायचं?

वेळापत्रक नको, बोट लावून पहा. वरचा बोटाच्या दोन पेरांइतका थर कोरडा लागला तर द्या, ओला लागला तर नका देऊ. हिवाळ्यात दोन-तीन दिवसाआड पुरतं, मार्चपासून कुंडीला रोज. दुपारी पानं थोडी लोंबली म्हणून लगेच बादली घेऊन धावू नका, संध्याकाळी परत ताठ झाली तर पाण्याची गरज नव्हती, ते उन्हाचं होतं. सकाळपर्यंत लोंबलेलीच असतील तर मग माती तपासा, आणि माती ओली असून पानं लोंबत असतील तर मुळं कुजताहेत, तेव्हा पाणी दिलं तर तुम्हीच त्याला मारता.

बोअरचं पाणी खारं आहे, चालेल?

अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, हा प्रश्न खरा आहे. पाणी खारं, वरून माती चुनखडीची. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो आणि पानांच्या कडा तपकिरी जळतात, ती खूण. शक्य असेल तर पावसाचं छपरावरचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवा, निदान रोपं लहान असेपर्यंत तरी तेच द्या. नसेल तर पंधरा-वीस दिवसातून एकदा कुंडीत खालून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी सोडा म्हणजे साठलेलं मीठ निघून जातं, त्यासाठी भोकं मोकळी पाहिजे हे आलंच.

आणि कूलरचं पाणी! उन्हाळ्यात टाकी रिकामी केली की सगळे ते पाणी झाडांना टाकतात. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणजे टाकीच्या तळाचं पाणी बोअरपेक्षाही खारट होतं. ते कडुनिंबाला टाका, साल्वियाच्या कुंडीत नको.

शेंडा खुडायचा म्हणतात, का?

रोप चार-पाच इंचाचं झालं की वरचा कोवळा शेंडा नखानं खुडून टाका. मग बाजूनं दोन-चार फांद्या निघतात आणि एका तुऱ्याऐवजी पाच-सहा मिळतात. पहिलं फूल आठ-दहा दिवस उशिरा येतं, लोकांना तेवढा धीर निघत नाही, पण जानेवारीत दोन्ही रोपं शेजारी ठेवून पाहिली की फरक सांगावा लागत नाही. नर्सरीतलं रोप बहुतेक आधीच तुऱ्यावर आलेलं असतं, ते आणल्यावर तो पहिला तुरा कापायची हिंमत करा.

फुलं गळून जातात तरी तुरा लालच दिसतो, तो कापायचा का नाही?

हे लाल साल्वियाचं खास आहे. त्याची खरी फुलं, म्हणजे लांब नळी, थोड्या दिवसात गळते, पण तिच्या बुडाशी जी घंटेसारखी पेली असते तीही लालच असते आणि ती कितीतरी दिवस टिकते. म्हणून लांबून तुरा भरलेला वाटतो. जवळ जाऊन पहा, नळ्या सगळ्या गेल्या असतील आणि पेल्या फिक्या पडायला लागल्या असतील तर पहिल्या मोठ्या पानजोडीच्या वरून कापा, तिथूनच नवे फुटवे येतात. न कापता ठेवलं तर झाडाचा सगळा जोर बी करण्यात जातो.

खत कोणतं?

फार नको. लावताना शेणखत दिलं असेल तर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, नाहीतर पंधरा दिवसांनी जीवामृत दहापट पाण्यात. युरिया देऊ नका, लोक शेतातला उरलेला आणून टाकतात, मग पानं हिरवीगार, दांड्या लांब-लुळ्या आणि तुरे नावाला, वरून मावा धावत येतो. एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत घरात असेल तर लिटरला दोन ग्रॅम, कळ्या दिसायच्या आधी एक-दोनदा.

पानं पिवळी पडली पण शिरा हिरव्याच आहेत, काय झालं?

नवी, शेंड्याची पानं तशी होत असतील तर लोह मिळत नाही. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं पण झाडाला घेता येत नाही, संत्र्याच्या बागांमध्ये हे शेतकऱ्यांनी पाहिलेलं आहे. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला दोन-तीन ग्रॅम आणि चार थेंब लिंबू, संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्यानं परत एकदा. कृषी केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, ते जास्त खात्रीचं. पण आधी निचरा बघा, कारण पाणी साचलेल्या मातीत पण हेच दिसतं आणि तिथं कितीही लोह द्या, उपयोग नाही. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर गोष्ट वेगळी, नत्र कमी आहे, गांडूळखत द्या.

पानांवर पांढरे ठिपके, जाळी, चिकट पाणी... कोणती कीड?

पान उलटं करा, सगळं उलट्या बाजूला असतं. बारीक पिवळे-पांढरे ठिपके आणि खाली धुळीसारखे हलणारे कण म्हणजे लाल कोळी, हा फेब्रुवारीनंतर कोरड्या गरम हवेत येतो, आणि आपल्याकडे साल्वियाचा सगळ्यात मोठा शत्रू तोच. त्याला ओलावा सोसत नाही, म्हणून रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा द्या, चार-पाच दिवसांत बराच कमी होतो. हात लावला की उडणारी पांढरी माशी आणि कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण हे दोघं बहुतेक शेजारच्या कपाशीवरून येतात, पऱ्हाट्या उपटून अंगणाजवळ रचल्या असतील तर हमखास. पऱ्हाटीचा ढीग आणि फुलझाडं जितकी लांब ठेवता येतील तितकं बरं.

औषध म्हणून निंबोळी अर्क पुरतो. एक लिटरसाठी पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला, आणि ऊन कलल्यावर फवारा. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर जुन्या टूथब्रशला साबणपाणी लावून घासून काढा. थंडीत सकाळी धुकं पडतं तेव्हा पानांवर पांढरी पावडर येते, ती भुरी, कीड नाही. दाट झालेल्या फांद्या विरळ करा, पानं रात्री ओली ठेवू नका, फारच पसरली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण हवा पस्तिशीच्या पुढे असताना गंधक मारलं तर पानंच भाजतात.

कपाशीवरचं औषध उरलंय घरात, तेच थोडं मारलं तर?

नाही. अगदी थोडंही नाही. अंगणात लेकरं खेळतात, तिथंच वाळवण असतं, तिथंच रात्री खाट टाकतो आपण. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, ती मोकळ्या शेतातली गोष्ट होती. चार फुलझाडांसाठी ते विष दाराशी आणायची काहीच गरज नाही, आणि ज्या फुलावर मधमाशी आणि पाखरं येतात त्याच्यावर तर नाहीच नाही. रोप फारच गेलं असेल तर उपटून टाका, दहा-वीस रुपयांत दुसरं येतं.

एका रात्रीत शेंडे वाकडे झाले, पानं अरुंद होऊन पिळली, रोग आहे का?

आधी विचारा आजूबाजूच्या शेतात कोणी तणनाशक मारलं का. डिसेंबर-जानेवारीत गव्हात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी मारतात आणि साल्विया रुंद पानाचाच आहे, वाऱ्यावर आलेले चार थेंब पुरतात. दुसरं कारण, तणनाशकाच्याच पंपानं तुम्ही झाडाला निंबोळी अर्क मारला असेल. तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी अंश राहतोच, कपाशीवाल्यांना हे माहीतच आहे. बागेसाठी वेगळी दोन लिटरची बाटली ठेवा. लागण हलकी असेल तर पिळलेले शेंडे कापा, पाणी द्या, खालून चांगली पानं फुटू शकतात.

उन्हाळ्यात काय करायचं?

बुटक्या लालसाठी काही करू नका. एप्रिलात बी धरून घ्या आणि उपटून कंपोस्टमध्ये टाका, पंचेचाळीस अंशात त्याला जगवायला जेवढं पाणी जाईल तेवढ्यात पालकाचा एक वाफा होतो, आणि मे महिन्यात पाणी कुठून आणतो आपण हे ज्याचं त्याला माहीत.

निळा आणि उंच लाल मात्र वाचवण्यासारखे आहेत. मार्चच्या शेवटी अर्धी उंची ठेवून छाटा, पूर्वेच्या भिंतीजवळ हलवा म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी सावली, नाहीतर ग्रीन नेट किंवा तट्ट्या लावा. बुडाशी सोयाबीनचं नाहीतर तुरीचं कुटार चार बोटं जाड अंथरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका, तिथं वाळवी लागते. पंचवीस मेपासून नवतपा, म्हणजे सगळ्यात तापलेले नऊ दिवस लागतात, त्या दिवसात फुलांची अपेक्षाच ठेवू नका, पानं जिवंत राहिली तरी जिंकलो. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस बुडाल्यावर, तापलेल्या पाइपातलं पहिलं पाणी आधी दुसरीकडे सोडून द्या, ते उकळतं असतं.

आणि पावसाळ्यात?

कुंड्या छपराखाली किंवा ओट्यावर, जिथं सरींचा थेट मार नाही. जमिनीतले असतील तर वाफ्याच्या दोन्ही बाजूला नाली काढा. उन्हाळ्यात टाकलेलं कुटार जूनमध्ये काढून घ्या, नाहीतर तेच ओल धरून खोड कुजवतं. पूर्व विदर्भात पाऊस जास्त, तिकडे निळ्यालाही कुंडीतच ठेवलेलं बरं.

बी घरचं धरता येतं का?

येतं. पेली वाळून तपकिरी झाली की तिच्यात डोकावून पहा, तळाशी चार बारीक काळपट दाणे दिसतील, एका फुलात जास्तीत जास्त चारच. ते पिकले की आपसूक सांडतात, म्हणून तुरा अर्धा वाळला की त्याला कागदी पिशवी उलटी बांधून कापून घ्या. प्लास्टिकची नको, घाम येतो. सावलीत आठवडाभर वाळवून काचेच्या बाटलीत, राखेची पुरचुंडी सोबत. पाकिटावर एफ-वन किंवा हायब्रिड लिहिलेलं असेल तर पुढची रोपं उंचीला-रंगाला वेगवेगळी निघतील, चालत असेल तर लावा. वेगवेगळ्या रंगाचे लाल-जांभळे शेजारी लावले तरी मिसळ होते.

फांदी लावून येतो का?

निळा आणि झुडुपी प्रकार छान येतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, फूल नसलेली बोटभर लांब कोवळी-पण-ताठ फांदी घ्या, खालची पानं काढा, गाठीच्या जरा खालून कापा आणि ओल्या रेतीत खोचा. वरून पाण्याची अर्धी कापलेली बाटली झाका, सावलीत ठेवा. दोन ते चार आठवड्यांत मूळ धरतं, हलकं ओढून पाहिलं की कळतं.

फुलावर पाखरं येतात का?

येतात हो, आणि हे पाहण्यासाठीच साल्विया लावावा असं मला वाटतं. लाल फुलाची नळी लांब आणि आत तळाशी मध, ब्राझीलमध्ये हमिंगबर्ड ते पितात. हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीत, पण शिंजीर आहे, काळाजांभळा चमकणारा, वाकड्या चोचीचा, आपल्या गावागावात असतो. सकाळी उन्हं वर आली की बघा, तुऱ्याला लटकून एकेक नळी तपासतो, मादी पिवळसर साधी असते. लेकरं पण ती नळी तोडून गोड टोक चोखतात, ते आपण सगळ्यांनीच केलंय.

निळ्या फुलात वेगळीच गंमत. त्याला मधमाशी येते. एक ताजं फूल घ्या आणि झाडूची बारीक काडी नळीत हळू आत सारा, मधमाशीचं डोकं जातं तशी. आत पुंकेसरांना जोडलेली एक चिमुकली तरफ आहे, काडीनं ती मागे ढकलली की वरच्या ओठातून पुंकेसर खाली झुकतात आणि काडीला परागकण लावतात. मधमाशीच्या पाठीवर हेच होतं, आणि पुढच्या फुलातला खाली वळलेला स्त्रीकेसर नेमका तिथंच टेकतो. ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल या जर्मन माणसानं १७९३ मध्येच साल्वियाच्या फुलातली ही तरफ लिहून ठेवली आहे. शाळेतल्या गुरुजींनी, मॅडमनी हे वर्गात जरूर करून दाखवावं, फूल आणि काडी एवढाच खर्च.

चिया पण साल्विया आहे का? आणि सब्जा?

चिया हो. वाशिम जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत शेतकरी रब्बीत पेरतात तो चिया साल्वियाच, फूल बारीक निळं-जांभळं. सब्जा मात्र नाही, तो तुळशीच्या जातीचा, कुळ तेवढं एकच. आणि ज्या रोझमेरीचं तेल डोक्याला लावायला सगळे मागवतात ती पण २०१७ पासून शास्त्रज्ञांनी साल्वियातच घेतली आहे. तिला आणि स्वयंपाकातल्या सेजला आपला पावसाळा सोसत नाही, कुंडीत मुरूम जास्त घालून छपराखालीच ठेवा.

शोभेचा साल्विया खाता येतो का, औषधी आहे का?

औषधी म्हणून जे वाचता ते सेजबद्दल असतं, आपल्या लाल-निळ्याबद्दल नाही. त्याचा काढा-बिढा करू नका. आणि सेजसुद्धा पदार्थात चवीपुरता ठीक, गरोदर बाईनं औषध म्हणून घेऊ नये.

बकऱ्या खातात का?

तीव्र वासाचे प्रकार सहसा सोडतात, पण लाल बुटक्याला फार वास नाही, त्याला तोंड लावतातच. शोभेचा साल्विया सहसा जनावरांना विषारी धरत नाहीत, त्यामुळे बकरीपेक्षा झाडाची काळजी करा. कोंबड्या खात नाहीत पण नवीन वाफा उकरून रोपं उलटी करतात, म्हणून पहिला महिनाभर बाभळीच्या काट्या लावून ठेवा.

देवाला, हाराला चालतो का?

वाहायला काही हरकत नाही, पण लाल फूल ओवताना नळी निसटते आणि हार अर्ध्या तासात उघडा पडतो. हाराला झेंडू-शेवंतीच बरी. निळ्याचे तुरे मात्र तोडून पाण्यात आठवडाभर राहतात आणि उलटे टांगून सावलीत वाळवले तर रंग बराचसा टिकतो. अर्धी फुलं उमललेली असताना सकाळी कापायचे, आठ-दहा तुऱ्यांची जुडी सैल बांधायची, आणि चुलीच्या धुरापासून लांब, वारा लागेल अशा खुंटीला अडकवायची.